नोकरी गेली, घरखर्चासाठी मदत मागायची आहे: कुणाकडे आणि कशी?

अर्धविराम

गेल्या महिन्यात नोकरी गेली. कामाबद्दल तक्रार नव्हती, आमचा अख्खा विभागच गुंडाळला. घरात आम्ही दोघं, शाळकरी मुलगी आणि माझी आई. बायकोची नोकरी अर्धवेळ आहे, तिच्या पगारात साधारण निम्मा खर्च निघतो. घराच्या कर्जाचा हप्ता चालू आहे, क्रेडिट कार्डावर थोडी थकबाकी आहे. साठवलेले पैसे ओढूनताणून तीन महिने जातील.

नोकरी शोधतोच आहे, त्यामुळे ‘अमुक कोर्स करून टाका’ छापाचे सल्ले कृपया नकोत. माझा प्रश्न मदत मागण्याबद्दल आहे. मागावी लागणार हे कळतंय, पण सुरुवात कुठून करायची तेच सुचत नाही. मोठ्या भावाला अजून काही सांगितलेलं नाही. एक मित्र नक्की देईल, पण नंतर त्याच्यासमोर मोकळेपणाने बसता येईल का, माहीत नाही. बँकेला कळवलं तर आत्तापासूनच मागे लागतील अशी भीती वाटते. बायको म्हणते सगळ्यात आधी भावाला सांग. मी म्हणतो भाऊ सगळ्यात शेवटी. यावरून घरात रोज एक फेरी होते.

कुठल्या देशात राहतो ते मुद्दाम लिहीत नाही, इथे ओळखीचे लोक आहेत. म्हणून कुठेही लागू पडेल असं सांगितलंत तर बरं.

निशिगंध

भाऊ की बँक हे नंतर बघू. तुमचेच पैसे कुणाकडे अडकलेत का ते आधी पाहिलंत का? एचआरमध्ये बरीच वर्षं काढल्यामुळे हे सांगते. माणूस धक्क्यात असतो, समोर कागद येतो, तो सही करून मोकळा होतो. शेवटच्या महिन्याचा पगार, शिल्लक रजांचे पैसे, नोटीसचा कालावधी पाळला नसेल तर त्याचा पगार, अडकलेली प्रवासबिलं, वर्षाच्या मध्यावर गेलात तरी नियमात बसणारा बोनस, करारात असेल तर भरपाई. यातलं प्रत्येक कलम वेगळं विचारायचं आणि ईमेलवर विचारायचं. फोनवर ‘हो हो, होऊन जाईल’ म्हटलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

‘फुल अँड फायनल’च्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या कागदात बहुतेक वेळा एक वाक्य असतं की, याउपर माझं कंपनीकडे काहीही येणं नाही. ते वाचल्याशिवाय सही करू नका. घरी नेऊन वाचतो म्हणायला काहीच हरकत नसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या कागदावर नोकरी संपण्याचं कारण काय लिहिलंय ते बघा. ‘राजीनामा द्या, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असं गोड बोलून कपातीचा राजीनामा करून घेतात. बेरोजगारी विम्याच्या जवळपास सगळ्या योजनांमध्ये आपणहून नोकरी सोडणाऱ्याला पैसे मिळत नाहीत, किंवा उशिरा मिळतात. एका शब्दाने काही महिन्यांचं उत्पन्न जातं.

दीडशहाणा

तीन महिने पुरतील म्हणताय म्हणजे दोनच पुरतील. हलकेच घ्या. पण खरंच, दरमहा येणारे खर्च सगळे मोजतात. वर्षातून एकदा येणारे विम्याचे हप्ते, शाळेची फी, घरपट्टी, गाडीची कागदपत्रं कुणीच मोजत नाही, आणि ती नेमकी अशाच वेळी दारात उभी राहतात. मागच्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढून बसा. डोक्यातून काढलेल्या आकड्यावर कुणाकडे उधार मागायला जाऊ नका.

परदेशी_पाखरू

निशिगंधताईंना +१. मी जर्मनीत आहे, इथला नियम उदाहरण म्हणून सांगतो. नोकरी संपण्याच्या किमान तीन महिने आधी रोजगार कार्यालयात ‘काम शोधतोय’ अशी नोंद करावी लागते. तेवढा वेळ हातात नसेल तर नोकरी जाणार हे कळल्यापासून तीन दिवसांत. उशीर केला तर आठवडाभराचा भत्ता बुडू शकतो. सबळ कारण नसताना स्वतः राजीनामा दिलात तर साधारण 12 आठवडे भत्ता थांबतो. भत्ता निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के.

आकडे तुम्हाला लागू नसतीलही, पण घड्याळाचा काटा नोकरी गेल्याचं कळल्याच्या दिवशीच चालू होतो, पैसे संपल्याच्या दिवशी नाही. आमच्या ओळखीत लोक ‘दोन महिन्यांत मिळेल की दुसरी, कशाला कार्यालयात जायचं’ म्हणून थांबतात. अशा कार्यालयात रांगेत उभं राहायची लाज वाटते, खोटं कशाला बोलू. पण हा विमा आहे, पगारातून दर महिन्याला त्याचे पैसे कापून घेतलेले असतात.

लंबक

देशोदेशी थोडं वेगळं आहे, म्हणून भर घालतो.

ब्रिटनमध्ये ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या सरकारी भत्त्याचा अर्ज केल्यावर पहिले पैसे हातात यायला साधारण पाच आठवडे लागतात. मधल्या काळासाठी आगाऊ रक्कम मागता येते, पण ती पुढच्या हप्त्यांतून कापली जाते, म्हणजे ते बिनव्याजी कर्जच. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कारभार वेगळा, बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त 26 आठवडे, काहींत त्याहून कमी. तिथे नोकरीबरोबर आरोग्यविमाही जातो. ‘कोब्रा’ नावाच्या कायद्याखाली तोच विमा सहसा 18 महिने चालू ठेवता येतो, पण कंपनी भरत होती तो वाटाही आपल्यालाच भरावा लागतो. तो आकडा बघून भले भले गार पडतात.

भारतात राज्य विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये असलेल्यांसाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 मध्ये आली. सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे, जास्तीत जास्त 90 दिवस. तिची मुदत वेळोवेळी वाढवत नेतात, त्यामुळे अर्जाआधी चालू आहे का ते विचारून घ्या. तिथे बहुतेकांचा खरा आधार म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटीचा हिशेब दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून, आणि नेहमीच्या कायम नोकरीत पाच वर्षं सलग झालेली हवीत. पीएफ काढताना एक बघा: सलग पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो.

अवांतर: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1952 चा 102 क्रमांकाचा करार आहे, त्यात बेरोजगारी भत्त्याची किमान पातळी आधीच्या पगाराच्या 45 टक्के ठरवली आहे. ज्या देशांनी तो भाग मान्य केला त्यांच्यासाठीच, अर्थात. सांगायचा मुद्दा, नोकरी गेलेल्याने मदत मागणं यात जगावेगळं काही नाही, सत्तर वर्षांपूर्वी त्याचे कागद झालेत.

अर्धविराम

निशिगंधताई, कागदावर सही व्हायची आहे अजून. आणि हो, ‘राजीनामा’ हाच शब्द आहे त्यात. उद्या ईमेल करतो. भत्त्याच्या कार्यालयात गेलोच नव्हतो, तेही करतो.

पण बँकेचं काय? तिथे खरंच आपणहून जायचं?

हिशेबी_मावशी

जायचं. मी कर्जवसुलीच्या टेबलावर बसलेली बाई आहे, आता निवृत्त. तेव्हा पलीकडच्या बाजूने सांगते.

हप्ता चुकायच्या आधी आलेला माणूस आणि तीन हप्ते चुकवून, फोन न उचलता शेवटी आलेला माणूस, दोघांची गोष्ट अगदी सारखी असली तरी आमच्या हातातले पर्याय सारखे नसतात. थकीत कर्ज ठरवायची बासेल नियमांतली, म्हणजे बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतली रेघ 90 दिवसांची आहे. ती ओलांडली की बँकेला त्या कर्जासाठी स्वतःच्या नफ्यातून तरतूद करावी लागते, फाइल दुसऱ्या विभागात जाते, आणि तिथल्या लोकांचं काम तुम्हाला समजून घेणं हे नसतं. रेघेच्या अलीकडे असताना तुमचं कर्ज सुरळीत राहावं यात बँकेचाही स्वार्थ असतो. त्या स्वार्थाचा उपयोग करून घ्या.

जाताना सोबत न्यायचं ते एवढंच: नोकरी गेल्याचं पत्र, घरात आत्ता किती येतंय, किती जातंय याचा एक पानी हिशेब, आणि दरमहा किती भरू शकता तो आकडा. ‘काहीतरी करा ना’ म्हणणाऱ्यासाठी अधिकारी काही करू शकत नाही, कारण त्याला वर प्रस्ताव पाठवायचा असतो आणि प्रस्तावात आकडा लागतो. तुम्ही आकडा दिलात तर अर्धं काम तुम्हीच केलं.

आता सावधगिरी. बँक म्हणेल, तीन महिने हप्ता भरू नका. ऐकायला छान वाटतं, पण व्याज थांबत नाही, ते मुद्दलात चढतं. समजा 20 वर्षांचं कर्ज, 9 टक्के व्याज, आणि अगदी सुरुवातीलाच तीन हप्ते सोडले, पुढे हप्ता तेवढाच ठेवला. मूळचे 240 हप्ते होते त्याचे 256 भरावे लागतात. तीन सोडले, सोळा वाढले! कर्ज जुनं असेल, बरंचसं फिटलं असेल, तर फटका कमी बसतो. म्हणून पूर्ण सुट्टीपेक्षा मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळतो का, किंवा काही महिने फक्त व्याज भरून चालतं का, हे आधी विचारा. सुट्टी वाईटच असं नाही. घरात आजारपण असेल, हातात रोख लागणार असेल, तर घ्यावी. फक्त किती महाग आहे ते माहीत असताना घ्यावी.

आणि जे काही ठरेल ते लेखी. त्याची नोंद क्रेडिट इतिहासात कशी होणार हेही विचारून घ्या.

दीडशहाणा

मावशी, तुम्ही आमच्या शाखेत का नव्हता?

अर्धविराम

मावशी, मनापासून आभार. सोळा हप्त्यांचा हिशेब बघून बायकोने सुट्टीचा विषयच संपवला. कार्डाचं काय करू? सध्या किमान रक्कम भरतोय.

हिशेबी_मावशी

किमान रक्कम भरली की विलंबशुल्क टळतं, कर्ज फिटत नाही. शिवाय थकबाकी पुढे नेली की बहुतेक कार्डांवर नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, व्याज पहिल्या दिवसापासून. तेव्हा आधी ते कार्ड वापरणं बंद, किराणासुद्धा रोखीने. मग कार्डवाल्यांना फोन करून थकबाकी ठरावीक हप्त्यांत बदलून मागा, व्याज सहसा बरंच उतरतं.

पैसे अपुरे पडले तर आधी कुठे भरायचे हेही ठरवून ठेवा. जे न भरल्याने डोक्यावरचं छप्पर, वीज, औषधं किंवा कामावर जायचं साधन जाईल ते पहिलं. ज्यामागे काहीच तारण नाही ते शेवटी. कार्डवाला दिवसातून पाच फोन करतो, घराच्या कर्जवाला एक पत्र पाठवतो. माणूस फोनला घाबरून कार्ड भरतो आणि घर धोक्यात घालतो. जो जास्त ओरडतो त्याला आधी द्यायचं, असा नियम नाही.

गोगलगाय

सगळं वाचलं. एक वेगळं मत मांडतो, राग नसावा. नातेवाइकांकडून पैसे घेऊच नयेत. बँक व्याज घेते पण लग्नकार्यात आठवण करून देत नाही. आमच्या घरात वडिलांनी घेतलेल्या उसन्यांवरून दोन पिढ्या बोलाचाली बंद आहे. घरातलं सोनं गहाण टाका, गाडी विका, भावाकडे जाऊ नका.

टोपीवाला

गोगलगाय, तुमचा अनुभव खरा असेल, पण निष्कर्ष पटत नाही. मी देणाऱ्यांच्या बाजूने बोलतो. माझ्याकडे बऱ्याच जणांनी बऱ्याच वेळा पैसे मागितलेत. पैसे गेल्याचा त्रास एकदाच होतो. घेणारा रस्त्यात दिसल्यावर फुटपाथ बदलतो, त्याचा त्रास दर वेळी होतो. मैत्री तुटते ती तिथे.

देणाऱ्याला छळतं ते अधांतरी असणं. ‘थोडी अडचण आहे, काही जमलं तर बघ’ असा निरोप आला की मला कळत नाही, किती? कधीपर्यंत? हे पहिलंच मागणं आहे की सातवं? मी कमी दिले तर अपमान होईल का? मग मी उत्तर द्यायला टाळतो, आणि समोरच्याला वाटतं, बघा, वेळेला कुणी नसतं.

उलट एका मित्राने मला सरळ लिहिलं होतं: पाच महिन्यांचं घरभाडं कमी पडतंय, त्यातले दोन महिने तू देशील का, नोकरी लागल्यावर दुसऱ्या पगारापासून सहा हप्त्यांत परत करीन, नाही म्हणालास तरी रविवारी भेटायचं ठरलंय ते ठरलंय. मी त्याच दिवशी दिले. पुढे त्याला नोकरी उशिरा लागली, तेव्हा त्याने आपणहून कळवलं की तारीख पुढे जातेय. मला तेवढंच हवं होतं.

आणि पैसे सोडूनही मागता येतं, हे लोक विसरतात. दोन महिने गाडी वापरायला देशील? तुझ्या ओळखीच्या तीन लोकांना माझा बायोडेटा पाठवशील? आठवड्यातून दोन दुपारी आईसोबत कुणी बसलं तर बायकोला जास्त तास काम घेता येईल, जमेल का? ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनाही ‘हो’ म्हणायचं असतं.

गोगलगाय

शेवटचा परिच्छेद मान्य. बाकीवर तुमचं आमचं जमणार नाही. पण फुटपाथवालं मात्र खरं आहे, आमच्याकडेही तसंच झालं होतं.

निशिगंध

भावाला शेवटी सांगायचं या हट्टाबद्दल. शेवटी म्हणजे कधी? हप्ता चुकल्यावर, कार्ड तुंबल्यावर, बायकोचे दागिने गेल्यावर. तेव्हा त्याच्याकडे मोठी रक्कम मागावी लागेल, आणि ‘आधी का नाही बोललास’ हे ऐकावं लागेल ते वेगळंच. आत्ता तुम्हाला पैसे नकोत, तर आत्ता पैसे न मागता नुसतं सांगा. मागणं पुढे आलं तर येईल.

लंबक

यावरून एक जुना अभ्यास आठवला. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावात कापडगिरणी बंद पडली, जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला समाजशास्त्रज्ञ मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन निरीक्षणं केली. हातात वेळच वेळ असूनही वाचनालयातून जाणारी पुस्तकं कमी झाली, वर्तमानपत्रं वाचणं घटलं, संस्थांमधला वावर आटला, पुरुष रस्त्याने चालताना वारंवार थांबू लागले. अपेक्षा होती की भुकेले लोक बंड करतील, प्रत्यक्षात ते स्वतःत मिटत गेले.

अर्धविराम, तुम्ही कुणालाच सांगितलं नाही म्हणता, आणि नोकरी गेल्यावर बहुतेक माणसं हेच करतात. जितकं मिटत जाल तितकं पुढे तोंड उघडणं जड जाईल.

कडीकुलूप

महत्त्वाची सूचना, सगळ्यांसाठी. नोकरी गेल्याचं इंटरनेटवर कुठेही लिहिलंत की दोन प्रकारचे लोक येतात. एक, ‘पाच मिनिटांत कर्ज’ देणारी ॲप्स. ती फोनमधले संपर्क आणि फोटो वाचायची परवानगी मागतात, आणि हप्ता चुकला की तुमच्या संपर्कातल्या प्रत्येकाला बदनामीचे निरोप जातात. संपर्कांची परवानगी मागणारं कर्ज ॲप उतरवूच नका. दुसरे, नोकरी किंवा कर्ज मंजूर झालंय, फक्त प्रक्रिया शुल्क भरा म्हणणारे. पैसे मिळण्यासाठी आधी पैसे भरायला सांगणारा माणूस चोर समजावा.

आणि अर्धविराम, तुम्हाला इथे व्यक्तिगत निरोप करून ‘मी मदत करतो, खातं क्रमांक द्या’ म्हणणारे येतील. एखादा खरा असेलही. तरी ओटीपी, कार्डाचे आकडे, ओळखपत्राचा फोटो कुणालाही नाही.

अर्धविराम

आले होते, दोन. दोघांनाही ‘शुल्क’ हवं होतं.

काल कंपनीला ईमेल गेला, ‘राजीनामा’च्या जागी ‘पद रद्द झाल्याने सेवासमाप्ती’ असं हवं म्हणून लिहिलं. उत्तर आलेलं नाही, पण सही केलेली नाही. भत्त्याची नोंद झाली. बँकेत सोमवारची वेळ मिळाली आहे, एक पानी हिशेब बायकोनेच केला, दीडशहाणा म्हणाले तसे बारा महिन्यांचे कागद काढून. दोनच महिने पुरतील असं निघालं.

भावासाठी निरोप लिहिला आहे. कसा वाटतो सांगा:

‘दादा, कसा आहेस? बरेच दिवस बोलणं नाही. तुला त्रास द्यायचा नव्हता, तुझेही खर्च असतात हे मला माहीत आहे. माझी नोकरी गेली आहे. काळजी करण्यासारखं काही नाही. शक्य झालं, आणि वहिनीची हरकत नसेल, तर पुढेमागे थोडीफार मदत लागू शकेल. नाही जमलं तरी काही नाही. आईला सांगू नकोस.’

टोपीवाला

आठ वाक्यांतली निम्मी माफी मागण्यात गेली. ‘काळजी करण्यासारखं काही नाही’ आणि ‘मदत लागू शकेल’ ही दोन्ही एकाच निरोपात कशी खरी असतील? दादा पहिल्यावर विश्वास ठेवेल, कारण ते सोयीचं आहे.

निशिगंध

‘थोडीफार’ काढा, आकडा घाला. ‘पुढेमागे’ काढा, महिना घाला. वहिनीला मध्ये आणू नका, ते त्यांचं ते बघतील. आणि आईपासून किती दिवस लपवणार? ती त्याच घरात राहते, तुम्ही रोज घरी असता. तिला कळलं असणारच.

अर्धविराम

आईला माहीत आहे. सकाळी विचारलं तर म्हणाली, पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, तू सांगशील म्हणून थांबले होते.

नवा निरोप:

‘दादा, गेल्या महिन्यात माझी नोकरी गेली, विभाग बंद झाला. दोन महिन्यांचे पैसे आहेत. बँकेत हप्ता कमी करून घ्यायला सोमवारी जातोय. तिसऱ्या महिन्यापासून नोकरी लागली नाही तर कमी झालेल्या हप्त्याचा निम्मा भाग तीन महिने तू देशील का? नोकरी लागल्यावर दुसऱ्या पगारापासून दरमहा तेवढाच परत करीन. विचार करून या रविवारपर्यंत सांग. आई ठीक आहे, तिला माहीत आहे.’

हिशेबी_मावशी

छान. फक्त बँकेतून सोमवारी परत आल्यावर पाठवा. नवा हप्ता किती ठरला ते त्यात लिहिता येईल, आणि ‘या रविवारपर्यंत’चं ‘पुढच्या रविवारपर्यंत’ करा. आणि घराच्या कर्जाला भाऊ जामीन किंवा सहकर्जदार असेल तर मात्र थांबू नका, बँकेत जायच्या आधी त्याला फोन करा. नाहीतर मुदत वाढवायच्या कागदावर त्याची सही लागेल आणि त्याला ते बँकेकडून कळेल.

अर्धविराम

जामीन आहे. आत्ताच फोन लावतो.